डिकी लहान, बेसची हौस मोठी

वाचकांचे प्रश्न : गाडीतील ध्वनी

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीची आहेत. वूफर, म्हणजे खालचे घुमणारे सूर (बेस) वाजवणारा मोठा स्पीकर हवा, पण डिकी सोडायची नाही. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्या चारही उत्तरांचा हिशेब त्यातच आहे.

प्रश्न : गाडी स्विफ्ट. महिन्यातून दोनदा आई-वडील आणि मुलांना घेऊन गावी जावं लागतं. दुकानदार बारा इंची पोर्टेड (हवेसाठी पाइप किंवा भोक ठेवलेला) बॉक्सच घ्या म्हणतात. तो ठेवून पाहिला तर डिकीत जेमतेम एक पिशवी मावते. दहा इंचीत समाधान होईल का? कुठल्या प्रकारचा बॉक्स घ्यावा?
— एक वाचक, कराड

उत्तर : दहा की बारा हे नंतर ठरवा. डिकीतले किती लिटर वूफरला द्यायचे, ते आधी ठरवा. तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टची डिकी २६८ लिटरची आहे. बाजारातला तयार बारा इंची पोर्टेड बॉक्स बाहेरून मोजला तर ७०-८० लिटर सहज भरतो आणि त्याच्या चौकोनी आकारामुळे आजूबाजूची जागाही वाया जाते. तुमच्यासाठी सील बॉक्स, म्हणजे चारही बाजूंनी बंद पेटी, तीही सीटच्या पाठीला टेकेल अशी तिरकी. वूफर दहा इंची.

लहान पेटी, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. ध्वनिशास्त्रात याला हॉफमनचा नियम म्हणतात. तुम्ही लहान पेटी आणि खोल बेस निवडता आहात, तेव्हा किंमत वॉटमध्ये मोजावी लागेल. पोर्टेड पेटीत जो आवाज १५० वॉटला मिळाला असता, त्यासाठी इथे ३०० वॉट आरएमएसचा, म्हणजे सतत तेवढी ताकद देणारा ॲम्प (ॲम्प्लिफायर) धरा. मात्र गाडीत सील पेटीला एक आयती मदत मिळते. काचा बंद असलेली लहान केबिन साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली आवाज स्वतःच उचलून धरते. सील पेटीचा आवाज खालच्या बाजूला दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो आणि केबिन जवळपास तेवढीच भर घालते. म्हणून घरात फिका वाटणारा सील बॉक्स हॅचबॅकमध्ये भरीव वाजतो.

आता माप. मोजायची टेप लावण्याआधी टीव्ही किंवा मिक्सरचा पुठ्ठ्याचा खोका कापून पेटीचा नमुना करा, डिकीत ठेवा आणि मागचं दार पूर्ण बंद करून पाहा. नुसत्या टेपवर विसंबलं की फसतं. दाराच्या आतला फुगवटा, चाकाच्या कमानी आणि पार्सल ट्रेची कड टेपला कळत नाही. डिकीचं तोंड आतल्यापेक्षा अरुंद असतं, हेही पेटी तयार झाल्यावरच लक्षात येतं. नमुना बसला की त्याची मापं सुताराला द्या.

एक माप उदाहरणादाखल देतो. रुंदी ५०० मिमी, उंची ३३० मिमी, तळाची खोली २५० मिमी, माथ्याची खोली १७० मिमी. सीटची पाठ वरून डिकीकडे झुकलेली असते, म्हणून तळ रुंद आणि माथा अरुंद. ही सगळी बाहेरची मापं झाली. १८ मिमीच्या एमडीएफमध्ये (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीत) प्रत्येक मापातून ३६ मिमी वजा करायचे. आतली रुंदी ४६४, उंची २९४ आणि सरासरी खोली १७४ मिमी राहते. गुणाकार केला की २३.७ लिटर येतात. वूफरची चौकट आणि चुंबक दीड ते दोन लिटर खातात, म्हणजे हातात राहिले २२. बाहेरून ही पेटी ३५ लिटरपेक्षा किंचित कमी जागा घेते, म्हणजे डिकीचा आठवा भाग. बॅगा राहतील.

२२ लिटर कुठल्या वूफरला पुरतात? उत्तर वूफरसोबतच्या माहितीच्या कागदावर छापलेलं असतं. एफएस (वूफरची स्वतःची वारंवारिता), क्यूटीएस (त्याचं कंपन कितपत आवरलं जातं) आणि व्हीएएस (पडद्याच्या लवचिकपणाइतकी हवा, लिटरमध्ये) हे तीन आकडे शोधा. थिएल आणि स्मॉल या दोन अभियंत्यांनी ही पद्धत घालून दिली, म्हणून या आकड्यांना टीएस पॅरामीटर म्हणतात. कागदच मिळत नसेल तर तो वूफर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. रीत अशी : व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या आकड्याने क्यूटीएसला गुणलं की पेटीत बसवल्यानंतरचा क्यू, म्हणजे बेस किती घुमेल त्याचा आकडा मिळतो. एफएसला गुणलं की पेटीत बसवल्यानंतरची वारंवारिता मिळते.

समजा एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ३० लिटर आहे. ३० लिटरच्या पेटीत क्यू ०.७१ येतो, वारंवारिता ४२ हर्ट्झ. आपल्या २२ लिटरमध्ये क्यू ०.७७ आणि ४६ हर्ट्झ. १५ लिटरमध्ये ०.८७ आणि ५२ हर्ट्झ. १० लिटरमध्ये कोंबला तर क्यू १ वर जातो, वारंवारिता ६० हर्ट्झ, आणि बेस एकसुरी घुमायला लागतो. ०.७ ते ०.९ मध्ये राहा. तीसवरून बावीस लिटरवर आलो तर फरक ४ हर्ट्झचा पडतो. चालत्या गाडीत टायरच्या आवाजात तो कुणाच्या कानाला लागणार?

वूफरची खोलीही तपासा. तो उभ्या, मागच्या दाराकडच्या फळीवर बसेल. मध्यावर फळीच्या जाडीसकट १९२ मिमी आहेत. चुंबकाच्या मागे हवेला २५ मिमी तरी सोडा. उरलेल्या १६७ मिमीमध्ये नेहमीचा १३० ते १५० मिमी खोलीचा दहा इंची वूफर बसतो, तेव्हा महागड्या 'शॅलो' (कमी खोलीच्या) वूफरचा खर्च करू नका. वूफरवर लोखंडी जाळी मात्र हवीच. बॅगेचा कोपरा एकदा वूफरच्या हलणाऱ्या पडद्यात घुसला की वूफर भंगारात.

सुताराला सांगायचं ते एवढंच : चार बाय चार फुटांचा अर्धा शीट पुरून उरतो. जोडावर फेविकॉल, दर १० सेंटिमीटरवर दीड ते दोन इंची स्क्रू आणि प्रत्येक स्क्रूआधी ३ मिमीचं छिद्र. एमडीएफच्या कडेत छिद्राशिवाय स्क्रू मारला की कड फाटते आणि तिथूनच हवा गळते. आतून सगळ्या सांध्यांना सिलिकॉनची धार, आणि मग चोवीस तास थांबायचं. ही पायरी सगळे गाळतात. व्हिनेगरसारखा वास येतोय तोवर वूफर बसवायचा नाही, कारण त्या वाफेने फोमची कड आणि गोंद खराब होऊ शकतो. वूफरच्या कडेखाली आणि तारेच्या टर्मिनलखाली फोमची पट्टी हवी. तुमचं जाणं-येणं पाटण-कोयनेकडे असेल तर एमडीएफला आतून-बाहेरून सीलर मारून घ्या, किंवा सरळ आयएस ७१० चा मरीन प्लाय वापरा. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि रेनकोट डिकीतच पडतात आणि एमडीएफ एकदा फुगला की परत बसत नाही.

शेवटी वजन. पेटी ९ किलो, त्यात वूफर आणि ॲम्प धरून १५ किलोच्या आसपास. अचानक ब्रेक लागला तर मागे बसलेल्यांच्या पाठीत जाणारी ही वस्तू आहे. पट्ट्याने डिकीच्या हुकांना आवळा किंवा लोखंडी अँगलने बोल्ट करा. बोल्टसाठी छिद्र पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी आणि नळ्या तिथेच असतात.

प्रश्न : वॅगनआर सीएनजी आहे. डिकीत टाकी बसली आहे आणि वर थोडीशी जागा उरते. त्यात आठ इंचीचा लहानसा बॉक्स टाकीच्या ब्रॅकेटला कसून बसवता येईल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ब्रॅकेटला काहीही कसू नका. बॉक्स नको, ॲम्प नको, अर्थिंगची तारही नको. तो ब्रॅकेट ६० लिटरच्या टाकीचं वजन आणि धक्के झेलण्यासाठी आहे, त्यात एकही नवं छिद्र पाडायचं नाही. टाकीचा व्हॉल्व्ह एका हाताने चटकन बंद करता आला पाहिजे. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) असते, त्या वेळी तुमचा बॉक्स आडवा आला तर टेस्टवाला आधी तोच काढायला लावेल.

तुमच्यासाठी सीटखालचा वूफर. ॲम्प आतच असतो आणि उंची साधारण ७ ते ८ सेंटिमीटर. घेण्याआधी सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे आणि उंची बदलत असेल तर सगळ्यात खाली करून मोजा. प्रत्येक वेळी जी सर्वांत कमी उंची मिळेल तीच खरी. सीटखाली पिवळ्या वेष्टनातली तार किंवा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा आहे. त्याला ताणायचं नाही, कापायचं तर मुळीच नाही. मागच्या प्रवाशांच्या पायांकडे जाणारी एसीची नळी झाकली जात नाही ना, हेही पाहा. चिखलाचे बूट आणि सीटखालचा वूफर यांचं जमत नाही, म्हणून खाली सेंटिमीटरभर उंचीच्या रबरी पट्ट्या द्या.

खोक्यावरच्या '१००० वॉट'ला भुलू नका. वूफरचा फ्यूज बघा. फ्यूज १५ अँपिअरचा असेल तर १५ गुणिले १३ व्होल्ट म्हणजे १९५ वॉट आत जातात आणि त्यातले पाऊणच, सुमारे १४५, बाहेर येऊ शकतात. छापील आकडा काहीही असो, यापलीकडे ते यंत्र सतत वाजू शकत नाही. तबला, ढोलकी, बेस गिटार याला भराव येईल. ३०-३५ हर्ट्झची पोटात जाणवणारी घरघर येणार नाही, तिची अपेक्षा ठेवू नका.

बॅटरीपासूनची तार गॅसच्या नळीच्या उलट्या बाजूने न्या आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज लावा. फ्यूज वूफरजवळ लावणारे कारागीर भेटतात. तो वूफरला वाचवेल, तारेला वाचवणार नाही. तार मध्येच कुठे घासून बॉडीला लागली तर बॅटरीपासून तिथपर्यंतची तार पेटू शकते. सीएनजी गाडीत हा धोका कुणी पत्करायचा?

नवी सीएनजी गाडी घ्यायचा विचार असणाऱ्यांसाठी जाता जाता : टाटाच्या अल्ट्रोझ, पंच यांसारख्या गाड्यांत ३० लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या फळीखाली असतात. तिथे वर पातळ पेटीला जागा मिळते, पण फळीत स्क्रू मारण्याबाबतचा नियम तोच.

प्रश्न : डिझायरमध्ये सील बॉक्स आहे. डिकी उघडी ठेवली की दणदणीत, बंद करून आत बसलं की बेस गायब. पोर्टेड करून घ्यावा म्हणतो. ४० लिटर जागा देता येईल. पाइप किती लांबीचा टाकू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पाइपचा हिशेब देतो, पण तुमचा आजार वेगळा वाटतो. सेडानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यात सीटची पाठ आणि पत्रा असतो. वूफर सीटकडे तोंड करून, मध्ये वीतभर मोकळी जागा सोडून ठेवला असेल, तर पुढून येणारा आणि डिकीच्या मागच्या भिंतीवर आपटून येणारा आवाज एकमेकांना खातात. बॉक्स फिरवा. वूफरचं तोंड टेललाइटकडे आणि बॉक्स शक्य तितका मागे सरकवा. दुसरा प्रयोग : बॉक्स सीटला चिकटवून तोंड सीटकडे, आणि चारही बाजूंची फट जाड फोमने बंद. दोन्ही वेळा ॲम्पवरचा फेजचा (पडद्याची पुढे-मागे हालचाल उलटवणारा) स्विच शून्य आणि १८० वर करून ऐका. यात पैसा जात नाही, एक दुपार जाते.

तरीही पोर्टेड करायचा असेल तर आधी वूफर त्या कामाचा आहे का ते बघा. एफएसला क्यूईएसने (त्याच कागदावरचा आणखी एक आकडा) भागा. उत्तर ५० च्या खाली असेल तर तो सील पेटीसाठी आहे, पोर्टेड करून घुमवण्यात अर्थ नाही. १०० च्या आसपास किंवा वर असेल तर पोर्टेडला उत्तम. मधले दोन्हीकडे चालतात.

४० लिटर, ट्यूनिंग (पाइप ज्या वारंवारितेला घुमतो ती) ३५ हर्ट्झ आणि आतून १० सेंटिमीटर व्यासाचा एक पीव्हीसी पाइप. सूत्र असं : २३५६२ गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले ट्यूनिंगचा वर्ग गुणिले लिटर, आणि त्यातून व्यासाच्या ०.७३ पट वजा. आकडे घातले की ४८.१ वजा ७.३, म्हणजे जवळपास ४१ सेंटिमीटर. लोक इथेच दचकतात आणि साडेसात सेंटिमीटरचा पाइप घेतात, कारण तो २१-२२ सेंटिमीटरमध्ये भागतो. पण एवढ्या अरुंद पाइपात आवाज वाढवला की हवा फुसफुसते. ते फुसफुसणं सेडानच्या डिकीत कमी ऐकू येईल, हॅचबॅकमध्ये मात्र डोकं उठवेल.

४१ सेंटिमीटरचा पाइप स्वतः चार लिटर जागा खातो, वूफर दोन. म्हणजे पेटी आतून ४६ लिटरची करा, तर निव्वळ ४० मिळतील. पाइपच्या आतल्या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंत १० सेंटिमीटर मोकळे हवेत. सरळ पाइपला आतून ५१ सेंटिमीटर लांबी लागते. ती नसेल तर एल्बो लावून वळवा आणि लांबी पाइपच्या मध्यरेषेवर मोजा.

ॲम्पवर सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा) फिल्टर नसेल तर पोर्टेडच्या वाटेला जाऊ नका. ट्यूनिंगच्या खाली पेटीतली हवा पडद्याला आधार देत नाही. पडदा हवेत मोकळा उड्या मारतो आणि कॉइल पाठीमागच्या पत्र्यावर आदळते. ३५ ला ट्यून केलेल्या पेटीला फिल्टर ३० हर्ट्झवर ठेवा.

आणि एक विनंती. उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरमागे जे बॉक्स वाजतात, त्यांची मापं घेऊन येणारे बरेच आहेत, तसं करू नका. ते बॉक्स उघड्यावर, इंजिनच्या धडधडीवर मात करायला बनवलेले असतात. जोर पन्नास हर्ट्झच्या वर, खाली फारसं काही नाही. काच बंद केलेल्या गाडीत तीच पेटी पाच मिनिटांत कान बधिर करते.

प्रश्न : तासगावहून बेदाण्याचे बॉक्स नेतो, डिकी पूर्ण मोकळी हवी. स्टेपनी काढून त्या खड्ड्यात वूफर बसवला तर? टायर ट्यूबलेस आहेत, पंक्चर किट आहे.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : जागेचा हिशेब उत्तम आहे. खड्डा ५६ सेंटिमीटर व्यासाचा आणि १८ खोल असेल तर १८ मिमीच्या गोल पेटीत आतून ३१ लिटर मिळतात. दहा इंची शॅलो वूफरला हे रग्गड आहेत. २०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट या तिन्ही गोष्टी असतील तर लहान गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. तुम्ही दोनच लिहिल्या आहेत.

तरी माझा सल्ला 'नको' असाच आहे. किट खिळ्याच्या छिद्राला चालतं, खड्ड्यात आपटून टायरची बाजू फुटली तर चालत नाही. कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटात रात्री बेदाण्यासकट अडकलात की वूफर उपयोगाचा नाही. स्टेपनीच्या रिममध्येच बसणारे तयार वूफर मिळतात, ॲम्पसकट. रिमचा पोकळ भाग वर येईल अशी स्टेपनी ठेवायची आणि वूफर मधल्या बोल्टने आवळायचा. तारेला एकच कपलर ठेवा, म्हणजे टायर काढताना अंधारात तारा सोडवत बसावं लागणार नाही. वर फळी आणि फळीवर बेदाण्याचे बॉक्स. फळी मात्र वूफरच्या पडद्यापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर हवी, नाहीतर तीच वाजायला लागते.

प्रश्न : सुताराकडून दहा इंचीसाठी २० लिटरचा सील बॉक्स करून घेतला. सगळ्या गाण्यांत एकच 'बुंऽऽ' ऐकू येतो. हेडलाइटही ठेक्यावर डिम होतात. वूफर बदलू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : वूफर बदलू नका. तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या माणसाला पेटी आणि सूर यांचं नातं काय सांगायचं? पण तंबोऱ्याचा भोपळा बोलायला हवा, वूफरची पेटी गप्प बसायला हवी. तुमची पेटी बोलते आहे.

पहिला संशय मापावर. सुताराने २० लिटर बाहेरून धरले असतील, तर आत १२ च राहिले असतील. वूफर काढा आणि आतून मोजा. कमीच भरली तर उशीत भरायचा पॉलिस्टर कापूस, २५० ते ३०० ग्रॅम, पिंजून सैल भरा. दाबून कोंबायचा नाही आणि चुंबकामागचं भोक मोकळं ठेवायचं. पेटी १०-१५ टक्के मोठी असल्यासारखी वागते. त्याहून जास्त तफावत असेल तर कापसाने भागणार नाही, पेटी नवी करावी लागेल.

मग गळती. वूफर बसवून पडदा दोन्ही तळव्यांनी सारखा दाबा आणि सोडा. तो हळूहळू परत आला तर पेटी बंद आहे, टपकन उसळला तर कुठून तरी हवा जाते. बहुतेक वेळा टर्मिनलपाशी. मोठी फळी बोटाने ठोकून बघा. पोकळ वाजली तर आतून पुढच्या-मागच्या फळ्यांना जोडणारी एक आडवी पट्टी ठोका. लो-पास (ठरवलेल्या हर्ट्झच्या वरचा आवाज अडवणारा) फिल्टर १२० वर असेल तर ७०-८० वर आणा आणि बेस बूस्ट शून्य करा. पुष्कळांचा 'बुंऽऽ' या बूस्टनेच येतो.

हेडलाइटचा दोष निराळा आहे. ३०० वॉटचा ॲम्प जोरात असताना २८-३० अँपिअर ओढतो. त्याला ८ गेजची शुद्ध तांब्याची तार आणि ४० अँपिअरचा फ्यूज लागतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार त्याच गेजमध्ये कमी वाहते. चाकूने खरवडा, आत पांढरी दिसली तर बदला. अर्थिंग सीटबेल्टच्या बोल्टवरून घेतलं असेल तर काढा. दीड फुटाच्या आत बॉडीच्या जाड पत्र्यावर रंग खरवडून, स्वतंत्र बोल्टने घ्या आणि वर ग्रीस लावा.

हे सगळं करूनही एक खरखर उरली, तर कुणाला तरी डिकीमागे उभं करून नंबरप्लेटवर हात ठेवायला सांगा. बहुतेक तीच असते. मागे दोन फोमच्या पट्ट्या चिकटवा.